मूळपुरुष, शोधक आणि उपरी : बिद्री परिसराच्या कसोटीवर मराठी स्थलांतरलेखनाचा विचार

१

आपण कोठून आलो, हा प्रश्न मराठी विद्वत्तेने शंभर-सव्वाशे वर्षे अव्याहतपणे विचारला आहे. बखरी, वंशावळी, करीने, कुलवृत्तांत, ताम्रपट आणि अलीकडे रक्ताचे व अस्थींचे नमुने ह्या सर्वांकडे त्याच प्रश्नाचे उत्तर मागितले गेले. ह्याच्या पोटात असलेला दुसरा प्रश्न, म्हणजे माणसे आपले गाव का सोडतात हा, मात्र तेवढ्या चिकाटीने विचारला गेला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वंशाचा अभिमान वाढविते; दुसऱ्याचे उत्तर बहुधा कर्ज, दुष्काळ, भाऊबंदकी किंवा जुलूम ह्यांपाशी जाऊन थांबते. म्हणून कुळाच्या इतिहासात आगमनाची तिथी सापडते, प्रस्थानाचे कारण सापडत नाही.

चालून जाण्याची क्रिया एकच असली तरी तिला तीन ठिकाणांहून तीन नावे मिळतात. ज्या घरातून माणूस निघाला त्या घरी तो परत आला आणि त्याने पाहिलेले सांगितले, तर तो प्रवासी किंवा शोधक ठरतो. तो परत आला नाही, पण पुढे त्याची संतती भरभराटली, तर ती संतती त्याला मूळपुरुष म्हणते. ज्या गावात तो येऊन राहिला त्या गावाच्या दृष्टीने तो उपरी असतो. ही तिन्ही नावे एकाच माणसाला लागू शकतात. पण कोणते नाव टिकेल हे त्या माणसाच्या चालण्यावर अवलंबून नसून लेखणी कोणाच्या हाती होती ह्यावर अवलंबून असते. मराठीतील स्थलांतरविषयक लेखनाचे परीक्षण ह्या दृष्टीने करावयाचे झाल्यास एखादा मर्यादित टापू कसोटीसाठी घेणे इष्ट होय. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री व तिचा परिसर हा त्यासाठी अनेक कारणांनी सोयीचा आहे.

२

बिद्री हे गाव कोल्हापूर-गारगोटी रस्त्याच्या बाजूस, दूधगंगा आणि वेदगंगा ह्या नद्यांच्या टापूत वसलेले आहे. एका अंगास सह्याद्रीचा डोंगराळ मुलूख व त्यापलीकडे कोकण, दुसऱ्या अंगास निपाणीकडचा कन्नड प्रदेश, अशी ह्या भूमीची ठेवण आहे. घाटमार्गांनी कोकणी माणूस वर येत राहिला, पठारावरून धनगर आपली मेंढरे घेऊन उतरत राहिला, आणि दोन भाषांची सीमा कोणत्याही नकाशाला न जुमानता एकाच बाजारात नांदत राहिली. गेल्या काही पिढ्यांत ह्या परिसराला नवे केंद्र लाभले ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे. त्याच्या गळिताच्या हंगामात ह्या भागाची लोकसंख्या आणि बोली दोन्ही पालटतात.

प्रथम गावाच्या नावाकडे पाहावे. बीदर नगरीच्या धातुकामास ‘बिद्री’ म्हणतात, हे सर्वश्रुत आहे. केवळ ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकास येथे बीदरहून आलेल्या कारागिरांची एखादी वसाहत कल्पिण्याचा मोह सहज होईल. परंतु कन्नड भाषेत ‘बिदिरु’ म्हणजे बांबू, आणि बीदरचे नावही त्याच शब्दापासून साधले जाते. बांबू जेथे उगवतो तेथे असे नाव स्वतंत्रपणे पडू शकते. त्यासाठी कोणी कोठून यावे लागत नाही. स्थलनामावरून भाषेचा पूर्वीचा वावर सूचित होईल, माणसांचा प्रवास सिद्ध होणार नाही. वि. का. राजवाडे ह्यांनी ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ ह्या दीर्घ निबंधात नावांच्या व्युत्पत्तीवरून लोकसमूहांच्या वाटा रेखाटल्या. त्यांतील कल्पनेचा आवाका आजही थक्क करतो. पण ज्या ठिकाणी व्युत्पत्तीखेरीज दुसरा पुरावा नाही त्या ठिकाणी त्यांचे अनुकरण करणे धोक्याचे आहे.

वस्तूंच्या बाबतीतही हेच तारतम्य ठेवावे लागते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित ह्यांनी उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच टेकडीवर रोमन घडणीची पोसिडॉन ह्या सागरदेवतेची कांस्यमूर्ती सापडली आहे. समुद्रापासून घाटाच्या इतक्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी, भूमध्यसागरातील देवता मिळावी ही घटना विलक्षण खरी. परंतु तीवरून रोमन माणूस कोल्हापुरात राहिला असे अनुमान काढता येत नाही. मूर्ती हातोहात येते. बंदरातून घाटापर्यंत, घाटातून पेठेपर्यंत, असे तिचे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्याच गावी परत जाऊ शकतो. नाव, नाणे आणि नर ह्या तिघांच्या वाटा वेगवेगळ्या धरूनच संशोधकाने आरंभ केला पाहिजे.

३

वंशाच्या उगमाचा दावा हे ह्या प्रदेशातील जुने साहित्य आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी आपल्या लेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरविले. उत्तर कोकणच्या शाखेनेही तेच धारण केले. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. विद्याधर जीमूतवाहन हा पूर्वज आणि तगर हे मूळस्थान, अशी ही जोडी आहे. ह्यांतील पहिला भाग पुराणाचा व दुसरा भूगोलाचा. परंतु ताम्रपटात दोन्ही एकाच ओळीत, एकाच सुरात येतात. राजवंश तेरहून खरोखरच निघाला असेल. पण त्याने ते का सोडले ह्याविषयी बिरुद मौन पाळते. बिरुदाचे कार्य मूळस्थानाचे वैभव नव्या राजधानीत आणणे एवढेच असते. जुने गाव सोडल्याचे दुःख किंवा कारण सांगणे हे त्याचे कार्य नव्हे.

‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. स्थलांतर हाच जिचा कणा आहे अशी मराठीतील ही बहुधा सर्वांत महत्त्वाची जुनी कृती होय. बिंब राजा ६६ कुळांसह उत्तर कोकणात उतरला, ह्या कथेभोवती तिची रचना आहे. आणि तिचा महत्त्वाचा भाग केशवाचार्याने पंधराव्या शतकाच्या मध्यास, मालाडच्या नायकोरावाच्या प्रेरणेने सिद्ध केला. वंश, गोत्रे आणि कुलदेवता ह्यांची याद सिद्ध करण्याची निकड ह्या मंडळींना तेव्हाच का वाटली, हा बखरीच्या वाचकापुढील खरा प्रश्न आहे. राज्य गेले होते, वृत्ती डळमळल्या होत्या, आणि आपण ह्या भूमीवर किती पूर्वीपासून व कोणत्या हक्काने आहो हे नोंदविणे आवश्यक झाले होते. म्हणजे बखर स्थलांतराची असली तरी तिचा हेतू स्थैर्याचा आहे. राजवाड्यांची प्रस्तावना बखरीतून समाजाच्या राजकीय उदासीनतेची मीमांसा काढते आणि मुबलक अन्नाच्या देशात माणसास राज्याची पर्वा उरत नाही, असा तिचा रोख आहे. हे विवेचन धाडसी खरे. परंतु ज्या लेखकाच्या मते अन्न सर्वत्र सुलभ होते त्याला ६६ कुळांनी घरे का सोडली ह्याचे कारण अन्नात शोधता येत नाही, आणि ते अन्यत्र त्याने फारसे शोधलेही नाही. प्रस्तावनेची ही उणीव तिच्या सिद्धांतातूनच उद्भवते.

ह्याच्या उलट दिशेने जाणारे उदाहरण रा. चिं. ढेरे ह्यांचे आहे. ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ (२००१) ह्या ग्रंथात त्यांनी भोसले कुळाचा माग राजस्थानातील सिसोदियांकडे न नेता दक्षिणेतील होयसळ-यादवांच्या गोपजन-परंपरेकडे नेला. त्यांच्या प्रतिपादनातील प्रत्येक दुवा सर्वांना मान्य होईल असे नाही. पद्धतीच्या दृष्टीने मात्र त्या ग्रंथाचे महत्त्व वादातीत आहे. ढेरे ह्यांनी वंशावळीतल्या नावांवर विसंबण्याऐवजी कुलदैवताच्या वाटेचा शोध घेतला. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, जी वंशावळ मान्य झाली तिच्यापुढे क्षत्रियत्वाचा प्रश्न होता. कुलदैवताला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सोयीसाठी वंशावळ बदलते, कुलदैवत सहसा बदलत नाही. म्हणून माणसांच्या वाटेचा पुरावा म्हणून दैवताची वाट अधिक विश्वसनीय ठरते.

कुलवृत्तांतांचा विचार ह्याच अनुषंगाने करावयास हवा. विसाव्या शतकात मराठीत ह्या वाङ्मयप्रकाराचे मोठे पीक आले. त्यांतील तपशिलाची चिकाटी अभिमानास्पद आहे. घराण्याच्या शाखा कोणत्या गावी गेल्या, कोणी नोकरीसाठी बडोद्यास, कोणी इंदुरास वा ग्वाल्हेरीस वस्ती केली, ह्याची इतकी बारीक नोंद अन्यत्र मिळणे कठीण. परंतु ह्या ग्रंथांचे गणित एकांगी आहे. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाच्या पूर्वजांची स्थाने १,०२४ होतात, आणि त्यांतील निम्म्या स्त्रिया. वृत्तांत त्यांपैकी एकास मूळपुरुष म्हणून निवडतो आणि उरलेल्या १,०२३ जणांच्या वाटा पुसून टाकतो. ज्या स्त्रिया लग्न होऊन घरात आल्या त्यांचे माहेरचे गाव क्वचित मिळते. ज्या मुली बाहेर दिल्या गेल्या त्यांची शाखा तेथेच खुंटते. वस्तुतः ह्या देशातील सर्वांत मोठे स्थलांतर सासरी जाणाऱ्या मुलीचे आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. त्यांत स्त्रिया दोनतृतीयांशांहून अधिक होत्या आणि त्यांच्या स्थलांतराचे प्रमुख कारण विवाह हे होते. एकोणिसाव्या शतकात, १८८५ मध्ये, रॅव्हनस्टाइन ह्या अभ्यासकाने इंग्लंडच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडताना बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात आणि ह्या जवळच्या हालचालीत स्त्रियाच अधिक असतात, असे नमूद केले होते. बिद्रीच्या परिसरात भावकीबाहेर, देवक पाहून, चार-दोन कोसांवर मुलगी देण्याची जी रीत आहे ती ह्या नियमाची साक्ष देते. जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेरच्या वाटेचे जे अपार वर्णन आहे ते मराठीतील खरे स्थलांतरकाव्य होय. पण त्याला त्या नावाने अजून कोणी वाचलेले नाही.

अनुवंशविज्ञानाने ह्या विचाराला नवे बळ दिले आहे. भारतीय समाजांच्या जनुकीय मिश्रणाचा जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यानुसार साधारणपणे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील भिन्न समूहांचे व्यापक मिश्रण झाले आणि नंतर जातींतर्गत विवाहाची बंधने घट्ट होत गेली. ह्याचा अर्थ, आज जी कुळे एकमेकांपासून अलग वंश सांगतात त्यांचे बहुसंख्य पूर्वज एकाच मिश्र समूहात मोडतात. वंशावळीने निर्माण केलेले वेगळेपण बरेच अलीकडचे आहे. येथेही सावधगिरी हवी. नमुन्यांवरून समूहाचे मिश्रण कळते, एखाद्या घराण्याने गाव का सोडले ते कळत नाही. विज्ञानानेही ‘कोठून’ ह्याचे उत्तर दिले, ‘का’ ह्याचे दिलेले नाही.

४

शोधक ह्या प्रतिमेचे परीक्षण करताना विष्णुभट गोडसे ह्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या कृतीचा दाखला टाळता येत नाही. वरसईचा हा याज्ञिक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. पुढे त्याने लिहिलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम शुद्ध आवृत्ती दत्तो वामन पोतदार ह्यांनी १९६६ मध्ये सिद्ध केली. मराठी वाचकाने गोडसे भटजींना झाशीच्या संग्रामाचा साक्षीदार म्हणून वाचले, ते योग्यच. परंतु ते निघाले ते इतिहास पाहावयास नव्हे. घरी कर्ज होते, आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. लुटीत मिळकत गेली. शेवटी कावडीने गंगा आणून आईवडिलांना स्नान घालण्याचे पुण्य तेवढे पदरी पडले. प्रयोजनाच्या दृष्टीने हा हंगामी स्थलांतरिताचा प्रवास आहे. तो शोधकाचा झाला तो दोन कारणांनी : प्रवासी परत आला, आणि त्याला लिहिता येत होते.

युरोपीय शोधकांच्या कथेतही हाच न्याय लागू पडतो. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. पण आफ्रिकेच्या मालिंदी बंदरापासून पुढची वाट त्याला तेथल्या वाटाड्याने दाखविली. ज्याला वाट ठाऊक होती त्याने काही शोधले नाही, आणि ज्याला ठाऊक नव्हती तो शोधक झाला. किनाऱ्यावरच्या लोकांनी ह्या आगंतुकांकडे कोणत्या नजरेने पाहिले ह्याचा सर्वांत जागरूक मराठी पुरावा कोल्हापूर राज्याशीच निगडित आहे. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर ह्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात सावकारांना परमुलखांतून बोलावून पेठा वसवाव्या, असे सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथात टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असा इशारा आहे. दोन्ही आगंतुकच. पण एकाच्या मागे पैसा होता आणि दुसऱ्याच्या मागे राजा होता. स्थलांतरिताचे स्वागत करावे की नाही हे त्याच्या येण्यावरून न ठरविता त्याच्यामागे उभ्या असलेल्या सत्तेवरून ठरविणारा हा विवेक अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी राजनीतीपाशी होता. शोधकांच्या गौरवकथा वाचताना आज्ञापत्राची ही दोन प्रकरणे शेजारी ठेवावी, म्हणजे त्या कथांचा दुसरा तट दिसू लागतो.

५

‘का’ ह्या प्रश्नाचे उत्तर वंशावळींपेक्षा महसुली शब्दांत अधिक सापडते. जुन्या गावात शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते : मिरासदार अथवा थळकरी, आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. उपरी बाहेरून येऊन कराराने कसणारा. मिरासदार परागंदा झाला किंवा त्याचा वंश खुंटला, म्हणजे त्याच्या जमिनीस गतकूळ म्हणत. दुष्काळाने वा फौजांच्या धामधुमीने गाव ओस पडले, की सरकार कौल देऊन माणसे बोलावी आणि इस्तावा करून पहिली काही वर्षे सारा हलका ठेवी. थळझाड्याच्या कागदांत जुन्या कुळांच्या नावाने थळे तशीच चालत. कसणारा मात्र भलताच असे. ह्या शब्दांच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या खेड्यांचा इतिहास वाचला, तर ‘पिढ्यान्‌पिढ्या एका जागी’ राहिलेल्या खेड्याची कल्पना ढासळते. गाव टिके, गावातली माणसे बदलत. आजचा मिरासदार हा अनेकदा कालचा उपरी असे, आणि कालचा मिरासदार दुसऱ्या कोठल्या गावात उपरी होऊन राहिलेला असे.

त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गांवगाडा’ (१९१५) हा ह्या विषयावरील पहिला भरीव मराठी ग्रंथ. त्यातील फिरस्त्यांचे प्रकरण निरीक्षणाच्या श्रीमंतीत अजोड आहे. परंतु आत्रे महसूल अधिकाऱ्याच्या नजरेने आणि कुणब्याच्या कैवाराने लिहीत होते. म्हणून फिरस्ता त्यांना मुख्यतः कुणब्याच्या खळ्यावरचा बोजा दिसतो. तो कोणाच्या दारी काय मागतो हे ते सांगतात; त्याला जमीन का नाही हे सांगत नाहीत. ह्या प्रकरणाचे उत्तर मराठीत येण्यास ६५ वर्षे लागली. लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कैकाडी कुटुंबाची भटकंती आतून सांगणाऱ्या ह्या आत्मकथनाच्या शीर्षकात महसुली दप्तरातला जुना शब्द अगदी जवळच्या रूपाने परत येतो. दप्तरातील उपऱ्याला निदान कराराची जमीन होती. मान्यांच्या उपऱ्याला पाल ठोकण्यापुरतीही जागा हक्काची नाही. ‘गांवगाडा’ आणि ‘उपरा’ हे दोन ग्रंथ एकत्र वाचल्याखेरीज पदव्युत्तर विद्यार्थ्यास कोणत्याही एकाचे पुरते आकलन होणार नाही.

आता बिद्रीच्या ऊसपट्ट्याकडे यावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव ह्या भागांतून पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पती-पत्नीची जोडी हे त्यांच्या मोजमापाचे एकक, आणि त्याचे नाव ‘कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच ‘उचल’ घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोड करावयाची, कोपीत राहावयाचे, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतावयाचे. मुलांच्या शिक्षणासाठी साखरशाळांची योजना निघाली. स्त्री-मजुरांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांच्या प्रकरणी २०१९ मध्ये बीड जिल्ह्यासंबंधी शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. स्थलांतराची मीमांसा करणारे ‘रेटा’ आणि ‘ओढ’ अशी दोन कारणे सांगतात. एव्हरेट ली ह्यांनी १९६६ मध्ये ह्या मांडणीला शास्त्रीय रूप दिले. कोरडवाहू जमीन व दुष्काळ हा रेटा, बागायती ऊस ही ओढ, असे म्हणून प्रकरण मिटविता येईल. परंतु उचल ह्या दोहोंत बसत नाही. रेट्याने माणूस निघतो, ओढीने दिशा धरतो. उचलीने तो बांधला जातो. ह्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी गेल्या वर्षीची उचल फिटलेली नसते म्हणून त्याला निघावेच लागते. गोडसे भटजींनाही कर्जानेच बाहेर काढले. पण ते कर्ज त्यांच्या घरी होते, वाटेत नव्हते, म्हणून ते वाटेत कोठेही थांबू वा वळू शकत. कोयत्याला ती मुभा नाही. स्थलांतराच्या सिद्धांतात कर्जाच्या ह्या बंधनाला स्वतंत्र स्थान देणे ही मराठी प्रदेशातील अभ्यासाची सिद्धांताला देणगी ठरू शकेल.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. शिलाहारांनी ज्या तेरला आपले मूळस्थान म्हटले त्याच मुलखाकडून आज कोयते येतात. राजवंशाचे येणे ताम्रपटात कोरले गेले. कोयत्याचे येणे मुकादमाच्या वहीत, उचलीच्या आकड्यापुढे लिहिले जाते. हजार वर्षांनी कोणी ह्या टापूचा इतिहास लिहू लागल्यास त्याच्या हाती ताम्रपट असेल, वही नसेल.

६

बिद्रीपासून जवळच, भुदरगड तालुक्यात, आदमापूर आहे. १८९२ मध्ये बेळगाव भागातील अक्कोळ येथे धनगर कुटुंबात जन्मलेले बाळूमामा आयुष्यभर मेंढरे घेऊन मराठी-कन्नड मुलखांत फिरले आणि १९६६ मध्ये आदमापुरास समाधिस्थ झाले. त्यांच्या नावाची मेंढरे आजही निरनिराळ्या बग्ग्यांनी गावोगाव फिरतात, आणि आपल्या रानात ती बसावी म्हणून शेतकरी उत्सुक असतात. ह्या घटनेचा अर्थ लावण्यास गुंथर सोन्थायमर ह्यांचा पशुपालकांच्या दैवतांवरील ग्रंथ (मूळ जर्मन १९७६, इंग्रजी १९८९) अत्यंत उपयुक्त आहे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ह्या देवांच्या ओव्या आणि धनगरांच्या चराईच्या वाटा ह्यांचा संबंध दाखवून त्यांनी भटक्या देवतेचे स्थिर देवळात रूपांतर कसे होते ते स्पष्ट केले. आदमापुरात मात्र त्या सूत्राला एक पुरवणी जोडावी लागते. येथे समाधी स्थिर झाली, देऊळ उभे राहिले, अमावास्येला हजारोंची गर्दी लोटू लागली. पण मेंढरे फिरतच राहिली. म्हणजे स्थैर्य आणि भ्रमण हे एकापाठोपाठ येणारे टप्पे नसून एकाच संस्थेची दोन अंगे होऊ शकतात. शिवाय मेंढरांचे खत शेतकऱ्याला हवे असते, म्हणून धनगर येथे आगंतुक असूनही उपरी ठरत नाही. ज्याच्या येण्याने जमीन पिकते त्याला गाव देवाच्या नावाने बोलावते. ऊसतोडणी मजुराच्या येण्यानेही साखर होते. त्याला मात्र असे आमंत्रण नाही. हा भेद गावाच्या कृतज्ञतेने ठरत नाही. शेतकरी व धनगर समोरासमोर असतात, शेतकरी आणि कोयता ह्यांच्यामध्ये मुकादम आणि कारखाना उभे असतात.

ह्याच टापूतून बाहेर गेलेल्यांचीही दखल घेतली पाहिजे. भुदरगड-आजऱ्याच्या डोंगराळ भागातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि १९८२ च्या संपानंतर त्यांतील कित्येक परतली. कागलचे आनंद यादव (जन्म १९३५) ह्यांच्या ‘झोंबी’त (१९८७) ह्या जाण्याचे वेगळे रूप आहे. दुसऱ्याचा मळा कसणाऱ्या घरातील मुलगा शिकावयाचे म्हणून बापाशी झगडतो. येथे दुष्काळ नाही, सावकाराची टोळी नाही. शाळा ही ओढ आहे आणि बाप हा रेटा आहे. शिकणे म्हणजे गाव सोडणे, ही अट त्या मुलाला आरंभी कळत नाही. पुस्तक जसजसे पुढे सरकते तसतशी ती वाचकाला कळू लागते. शिक्षणाला स्थलांतराचे कारण म्हणून इतक्या निर्दयपणे तपासणारी दुसरी मराठी कृती दाखविणे कठीण.

काही स्थलांतरे कोणत्याही वंशावळीत वा आत्मकथनात सामावत नाहीत. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. पहिल्यांनी आठवणी मागे ठेवल्या, दुसऱ्यांनी बाजारपेठ उभी केली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर ह्यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. जी माणसे स्वतःच्या निर्णयाने निघाली नाहीत त्यांच्या जाण्याची कारणे शासनाच्या कागदात असतात, पण परिणाम त्यांच्या घरात असतात, आणि म्हणून घरोघर जाऊनच पाहणी केली पाहिजे, हा धडा त्या ग्रंथाने घालून दिला. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाने उठविलेल्या वस्त्यांचा विचारही त्याच पद्धतीने व्हावयास हवा.

७

वरील विवेचनावरून मराठी स्थलांतरलेखनाचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. ताम्रपट, बखर, वंशावळ आणि कुलवृत्तांत ह्यांचा प्रवाह आगमनाचा आहे. तो हक्क सांगतो. महसुली दप्तर, ओवी, आत्मकथन आणि विस्थापितांची पाहणी ह्यांचा प्रवाह प्रस्थानाचा आहे. तो कारण सांगतो. आजवरच्या संशोधनाने पहिल्याला इतिहास आणि दुसऱ्याला साहित्य अथवा समाजशास्त्र अशा वेगवेगळ्या दालनांत ठेवले. ह्या विभागणीमुळे ‘कोठून’ आणि ‘का’ हे प्रश्न एकमेकांना भेटलेच नाहीत.

ते भेटविण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. एका गावाचे थळझाड्याचे कागद, त्याच गावातील बायकांच्या माहेरगावांची यादी, कुलदैवतांची स्थाने, मेंढरांच्या चराईच्या वाटा, आणि एका हंगामातील कोयत्यांची गावे एवढी सामग्री शेजारी-शेजारी मांडली तरी प्रबंधाचा भक्कम पाया तयार होईल. त्यांतील शेवटची यादी सर्वांत निकडीची आहे. कागद शतकभर टिकतात, कुलदैवते त्याहून अधिक टिकतात. पण कोपी हंगाम संपताच मोडली जाते, आणि तिच्यात राहिलेल्या माणसाला विचारावयाचा प्रश्न पुढल्या दसऱ्यापर्यंत तसाच राहतो.